छिन्न्या तोलून वाटू नयेत

मी, नृसिंह धोंडो कारेकर, वय सत्तरीच्या पुढे, धंदा चांदीकाम, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात तितका नाही, म्हणून अक्षर असे आले आहे. ते माझेच समजावे. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी धमकावलेले नाही, आणि सध्या घरात माझ्याशी कोणी गोडही बोलत नाही. तेव्हा हे लेखन दबावाखाली झाले असे म्हणायला कोणास जागा नाही.

याआधी एका वकिलांनी माझ्यासाठी टंकलिखित मसुदा केला होता. त्यात माझी मिळकत अशी मांडली होती: घर, पोस्टातील शिल्लक, भांडीकुंडी व किरकोळ लोखंडी सामान. किरकोळ लोखंडी सामान म्हणजे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "तुमच्या त्या छिन्न्या-बिन्न्या हो." मसुदा मी रद्द केला. कागद चांगले होते. हे मृत्युपत्र त्यांच्याच पाठीवर लिहिले आहे. पुढची बाजू कोणी वाचू नये.

१. घर. हे घर वडिलोपार्जित नाही. वडील हुपरीत पैंजण करीत. त्यांच्याकडून मला ऐरण आली आणि खोकला आला. घर मी माझ्या कमाईतून घेतले आहे व ते कोणास द्यावे हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. माझी पत्नी सौ. शालूबाई हिने तहहयात या घरात राहावे. तिच्या पश्चात घराचे तीन सारखे वाटे व्हावेत: थोरले चिरंजीव गणपत, कन्या कालिंदी व धाकटे चिरंजीव भालचंद्र उर्फ बंडू. रस्त्याकडची खोली, जिथे मी बसतो, ती या वाटणीतून वगळली आहे. तिचे काय करायचे ते पुढे येईल.

२. पोस्टातील शिल्लक शालूबाईची. तिने ती तीर्थयात्रेत घालवली तरी मुलांनी बोलू नये. गॅससाठी लावलेला नंबरही तिच्या नावे व्हावा. मी हे लिहायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "मरायची एवढी घाई हाय तर आधी गॅस तरी येऊ द्या की." या दोन्हींत आधी काय येईल हे मी सांगू शकत नाही.

३. हंबीरराव. हे एका साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांना माझ्या मिळकतीतून एक वस्तू द्यायची आहे, म्हणून थोडी हकिकत लिहितो.

हंबीररावांच्या एकसष्टीला त्यांच्या चाहत्यांनी त्यांना चांदीची गदा द्यायचे ठरवले. चाहत्यांच्या वतीने माप सांगायला हंबीरराव स्वतः आले. त्यांनी आयुष्यात कुस्ती धरलेली नाही. गदा मात्र पैलवानाच्या मापाची हवी होती.

गदेचा गोळा पोकळ असतो. चांदीचा पत्रा तापवून नरम करतात, ठोकून त्याच्या दोन वाट्या काढतात आणि डाख देऊन त्या जोडतात. पोकळ वस्तूवर नक्षी उठवायला गेले तर घावासरशी पत्रा आत बसतो. म्हणून आत वितळलेली राळ भरतात. राळेत विटेची पूड आणि थोडे तेल असते. ती थिजली की पत्र्याला आतून आधार मिळतो. नक्षी झाली की गोळा तापवून राळ ओतून काढतात, मग दांडा बसवतात. यात लपवण्यासारखे काही नाही. सगळे चांदीकाम करणारे असेच करतात.

राळ काढायच्या दिवशी हंबीरराव आले. त्यांनी गोळा हातात घेतला.

"वजनदार हाय की, आण्णा!"

"आत राळ हाय. काढायची हाय अजून."

"काढताय कशाला? राहू दे की. स्टेजवर दोघांनी उचलून दिली पायजे. एका हातानं दिली तर मान काय राहिला?"

कालिंदी मागे बसली होती. ती म्हणाली, "काका, उन्हात राळ पातळ हुती."

"पोरी, सत्कार मांडवात हाय. उन्हात न्हाय."

गिऱ्हाईक चेअरमन होते. राळ राहिली.

सत्कार मांडवात झाला. गदा दोघांनी उचलून दिली. नंतर उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. वैशाख महिना, भर दुपार. हंबीरराव गदा खांद्यावर घेऊन उभे होते. बिंदू चौकाच्या अलीकडे गोळ्याच्या मानेतून राळ उतरू लागली. आधी दांड्यावर, मग हातावर, मग पांढऱ्या कोटावर. लोकांना नमस्कार करायला त्यांनी हात सोडवू पाहिला. हात सुटेना. तेव्हा त्यांनी गदेसकट नमस्कार केला. लोकांना वाटले साहेबांना स्फुरण चढले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून हंबीरराव सगळीकडे सांगू लागले, "कारेकरानं चांदीत राळ मारली." ते खरेच होते. फक्त कोणाच्या सांगण्यावरून, तेवढे ते सांगत नसत. माणूस मोठा असल्याने कोणी त्यांना विचारलेही नाही.

तरी माझ्या खोलीत नारळाएवढा राळेचा गोळा पडला आहे, तो माझ्या पश्चात हंबीररावांना पोचता करावा. तो पोकळ नाही.

४. गणपत. गदेच्या बोभाट्याने गिऱ्हाईक कमी झाले. गणपतचे गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, भाड्याचे दुकान आहे. तोवर तो माझ्याकडचा माल विकत असे. तो म्हणाला, "आण्णा, लोकांना आता हाताचं काम नको. लगेच हातात पडायला पायजे." त्याने बाहेरगावाहून दाबाचा माल आणला. यंत्राखाली पत्रा ठेवतात, एका दाबात पान, वेल, मोर सगळे उठते. त्यात वाईट काही नाही. माल स्वस्त असतो, हलका असतो आणि कोणाचाच नसतो.

हे शेवटचे गणपतला खटकले असावे. त्याने माझ्या नावाचा ठसा दुकानात नेऊन त्या मालावर मारला.

ठसा म्हणजे पोलादाचा बोटाएवढा तुकडा. टोकाला माझी आद्याक्षरे उलटी कोरली आहेत, म्हणजे चांदीवर ती सुलटी उमटतात. वस्तू पुरी झाली की तळाशी ठसा धरून एकच घाव घालायचा. दुसरा घातला तर अक्षर दुहेरी उमटते. एवढेच ते काम आहे. पण वस्तू पुरी झाली की नाही हे आधी ठरवावे लागते.

कागलचे एक गृहस्थ कुंकवाचा करंडा घेऊन आले. त्याच्या झाकणाची बिजागरी निघाली होती. "पावणं, तुमचाच हाय न्हवं?" असे त्यांनी विचारले. मी पालथा करून पाहिला. ठसा माझा होता. करंडा माझा नव्हता. मोराला पाय नव्हते. यंत्रात बसले नसतील.

गणपतला मी बोलावले. तो चिडला नाही. तो कधीच चिडत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडण करणे अवघड जाते.

"नाव तुमचंच लावलंय की, आण्णा. दुसऱ्याचं लावलं काय?"

"वस्तू माझी न्हाय."

"पण नाव वाढतंय न्हवं?"

ठसा मी त्याच्याकडून काढून घेतला. तेव्हापासून तो माझ्या बंडीच्या खिशात असतो.

गणपतला दुकानातील सर्व दाबाचा माल देतो. तो त्याचाच आहे, पण मी दिला असे म्हटल्याने त्याला बरे वाटेल.

५. छिन्न्या. या कलमासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

आमच्या नक्षीच्या छिन्न्यांना धार नसते. त्या पत्रा कापत नाहीत, दाबतात. कोणी कड दाबते, कोणी शीर ओढते, कोणी खवले पाडते, कोणी नुसती जमीन बसवते म्हणजे नक्षी वर दिसते. बऱ्याच मी स्वतः घडवल्या. काही वडिलांच्या आहेत. सगळ्या एका लाकडी खोक्यात, ज्याच्या त्याच्या खाचेत असत.

श्रावणात मला चक्कर येऊन मी पडलो. डॉक्टरांनी सांगितले, काही दिवस उठायचे नाही. मुलांनी याचा अर्थ थोडा लांबवर नेला. माझी खाट मधल्या खोलीत होती व दार उघडे होते. मी झोपलो आहे असे समजून गणपत व बंडू रस्त्याकडच्या खोलीत वाटणीला बसले.

बंडू नगरपालिकेत कारकून आहे आणि तालमीच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी आहे. लहानपणी त्याच्या बोटावर हातोडी पडली, त्यानंतर तो खोलीत आला नव्हता. कालिंदीने त्याला विचारले, "बंडू, तू छिन्न्या घेऊन काय करणार हाईस?"

"अक्का, वापरीन न्हायतर न वापरीन. हिस्सा म्हंजे हिस्सा."

गणपतने दुकानातला काटा आणला होता. आमच्या घराण्यात जन्मापासून सगळे तोलले जाते. बाळ तोलतात, लग्नातला आहेर तोलतात. भांडण होऊ नये म्हणून आम्ही मोजत नाही, तोलतो. चांदीच्या बाबतीत हे योग्य आहे. अर्धी चांदी ही चांदीच असते.

त्यांनी माझ्या छिन्न्या खोक्यातून ओतल्या आणि तोलल्या. गणपतच्या पारड्यात एक मूठ, बंडूच्या पारड्यात एक मूठ. दोघेही अत्यंत प्रामाणिकपणे वागत होते. मी खाटेवरून पाहत होतो आणि असा सच्चेपणा मी त्यांच्यात पूर्वी पाहिला नव्हता. शेवटी काटा जुळेना. बंडूकडे जरासे जड होत होते. तेव्हा गणपतने एक छिन्नी करवतीने कापली आणि एक तुकडा इकडे, एक तिकडे टाकला. काटा मधोमध आला. दोघांचे समाधान झाले.

ती छिन्नी मोराच्या डोळ्याची होती.

गणपतच्या वाट्याला पानाच्या कडा गेल्या, बंडूच्या वाट्याला पानाच्या शिरा. एकाला फुलाची पाकळी मिळाली, दुसऱ्याला फुलाचा मध्य. दोघांपैकी कोणालाही एक आख्खे पान आता उठवता येणार नाही. तसे ते दोघांना आधीही येत नव्हते.

उठवता येते ते कालिंदीला. आमच्यात रीत अशी की पुरुषांनी ठोकायचे आणि बायकांनी उजळायचे, म्हणजे रिठ्याच्या पाण्यात घासायचे, घुंगरे ओवायची. कालिंदी कागलला दिली होती. तिथे तिचे जमले नाही. का, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. परत आली ती स्वयंपाकघरात न जाता राळेच्या कुंडीसमोर बसली. शालूबाई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, काम चांगले झाले तर काही म्हणणार नाहीत. लोकांविषयी माझा हा अंदाज चुकला. काम चांगले झाले. तेव्हा लोक म्हणू लागले, आण्णांचा हात अजून काय चालतो! आणि चहा घेऊन आलेल्या कालिंदीकडे रिकामा कप परत देऊ लागले.

वाटणी झाल्यावर एका गावचे पंच देवीच्या प्रभावळीचे काम घेऊन आले. वेल आणि पानांची मोठी प्रभावळ. वर्षभर पुरले असते असे काम. कालिंदीने ते परत पाठवले.

"का ओ, ताई? जमत न्हाय काय?"

"जमतंय की. पानं गुजरीत हायत, शिरा तालमीत हायत. दोन्ही एका जागी आल्या की कळवते."

गणपतचे म्हणणे, तिने आता दुकानात बसून दाबाचा माल उजळावा, दोन वेळच्या जेवणाला मरण नाही. तो वाईट बुद्धीने म्हणत नाही. तिने उरलेले आयुष्य पाय नसलेले मोर घासत काढावे, असा त्याचा अर्थ होतो, एवढे त्याच्या ध्यानात येत नाही.

सबब मी लिहून ठेवतो की नक्षीच्या सर्व छिन्न्या, हातोड्या, ऐरण, फुंकणी, तार ओढायची जंत्री, मुशी व राळेची कुंडी हे सर्व एकत्र, न तोलता, न फोडता, कालिंदीला द्यावे. रस्त्याकडची खोलीही तिची. गणपत व बंडू यांनी आपापल्या छिन्न्या खोक्यात परत आणून ठेवल्याशिवाय त्यांना घराचा वाटा मिळू नये. खोक्यातली प्रत्येक खाच भरली की नाही हे कालिंदीने पाहावे. मोराच्या डोळ्याची खाच रिकामी राहील. तेवढ्यावरून अडवू नये.

बंडूने आपला हिस्सा तालमीच्या कपाटात, जिंकलेल्या कपाशेजारी ठेवला आहे. तो कप चांदीचा आहे असे संघ मानतो. मी काही बोललो नव्हतो. पुढेही कोणी बोलू नये.

६. नावाचा ठसा ~~कालिंदीला द्यावा.~~

वरील दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. कारण देतो.

कलम सहाची ही ओळ लिहून झाल्यावर मी दोन्ही मुलांना व कालिंदीला बोलावून सगळे वाचून दाखवले. गणपतने दुसऱ्याच दिवशी छिन्न्या आणून दिल्या. बंडूने चार दिवस घेतले. तालमीच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो गावाला गेला होता. दोघांचे छिन्न्यांवर काही अडले नव्हते. अडले होते ठशावर.

गणपत म्हणाला, "आण्णा, खोली द्या, छिन्न्या द्या, तिच्या हाताला काम हाय, मान्य हाय. पण नाव दुकानात पायजे. बाईच्या कनवटीला नाव ठेवून काय उपयोग?"

बंडू म्हणाला, "आळीपाळीनं ठेवूया. सहा महिनं दादाकडं, सहा महिनं अक्काकडं." त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. नगरपालिकेत तो अशीच प्रकरणे मिटवत असावा.

मी म्हणालो, ठसा कालिंदीचा. तेव्हा कालिंदी म्हणाली, "आण्णा, ते खोडा."

"का?"

"तो तुमच्या हाताचा हाय. तुमच्यामागं मी मारला तर गणूदादानं मारला त्यात आणि माझ्यात फरक काय?"

"तू हातानं काम करतीस."

"मग हात माझा आणि नाव तुमचं. वीस वर्षांनी लोक म्हणतील, आण्णा मेल्यावर लई सुधारले."

गणपत हसला. मी हसलो नाही. मी तिला माझ्याजवळची सगळ्यात मोठी वस्तू देत होतो आणि ती ती परत करत होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो, पण बोललो नाही. शालूबाई म्हणाली, "पोरीनं नको म्हटलं तर एवढं काय? तुमचं नाव काय देवळातलं हाय व्हय, कुणीतरी पुजलंच पायजे?"

विचार केला. गणपतला दिला तर माझे नाव सगळ्या दाबाच्या मालावर बसेल आणि मी मेल्यावर माझा धंदा जोरात चालेल. कालिंदीला दिला तर तिने केलेले प्रत्येक काम माझे होईल. मी काही न करता करत राहीन. कुस्ती न धरलेल्या हंबीररावांना चाहत्यांनी गदा दिली, त्यापेक्षा हे फार निराळे नाही. ठसा कोणालाही दिला तरी तो खोटे बोलेल. माझ्याजवळ राहिला तरच नाही, आणि मी राहणार नाही.

म्हणून हे कलम असे वाचावे: नावाचा ठसा कोणालाही दिलेला नाही. तो माझ्या हयातीत, आज, साक्षीदारांसमक्ष नष्ट करायचा आहे. माझ्या मृत्यूनंतर माझ्या नावाची नवी वस्तू कोणाकडे दिसली तर ती माझी नाही. कालिंदीने स्वतःचा ठसा कोरावा. त्यावर कोणते अक्षर असावे हे मी सुचवणार होतो. तिने विचारलेले नाही.

७. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर कोणाचा सत्कार उरकून घेऊ नये.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारचे पिठाच्या गिरणीचे मालक श्री. ज्ञानू रामा चौगुले यांनी करावी. त्यांना चांदीतले काही कळत नाही व आमच्या कोणाशी त्यांचे नाते नाही. या दोन गोष्टी एकत्र असलेला माणूस पेठेत दुसरा सापडला नाही.

सही करण्यापूर्वी, कलम सहाप्रमाणे काय घडले ते नोंदवतो.

आज सकाळी साक्षीदार आले. चहा झाला. मी बंडीच्या खिशातून ठसा काढला. तो शेगडीत घालून वितळवावा असे ज्ञानूंनी सुचवले. पोलाद आमच्या शेगडीत वितळत नाही, हे त्यांना सांगितले. कानशीने घासायचे ठरले. माझा हात थरथरतो, म्हणून कानस कालिंदीने घेतली. ठसा तिने शिकंज्यात आवळला नाही, माझ्या हातात धरायला दिला. मी दोन्ही हातांनी धरला.

पोलाद घट्ट होते. वेळ लागला. गणपत उंबऱ्यात उभा होता. तो एकदा म्हणाला, "आण्णा, अजून विचार करा."

कालिंदीने खाली कागद पसरला होता. चांदी घासताना तसा पसरतात, कीस वाया जाऊ नये म्हणून. पोलादाच्या किसाला मोल नसते. हे तिला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

टोक सपाट झाले. तिने त्यावरून बोट फिरवून पाहिले. मग माझे बोट धरून फिरवले. काही लागले नाही.

शालूबाई म्हणाली, "उचल तो कचरा. केर काढायचाय मला."

कालिंदीने कागदाची चारी टोके जुळवली, पुडी बांधली आणि कमरेला खोचली.

ती पुडी माझ्या मिळकतीत धरू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खाडाखोड एकच आहे, ती कलम सहामध्ये.

(सही) नृसिंह धोंडो कारेकर

आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की श्री. नृसिंह कारेकर यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. सही झाल्यावर त्यांनी सवयीने खिशात हात घातला व तसाच बाहेर काढला.

साक्षीदार:
१. (सही) ज्ञानू रामा चौगुले, पिठाची गिरणी, शिवाजी पेठ
२. (सही) डॉ. दत्तोपंत केशव इनामदार, शिवाजी पेठ

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ डिसेंबर १९७७